वगळलेले अकरा बिंदू

सरांचे अकरा बिंदू मी वगळले. आलेखावरचे बिंदू. छापील कागदावर सगळे मिळून करंगळीच्या नखाएवढी जागा. वगळताना कारण म्हणून एक वाक्य लिहावं लागतं. ते वाक्य लिहायला मला पाच महिने लागले. त्यात खोटं काहीच नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो.

मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोग करणं सोडून मला बरीच वर्षं झाली. आता माझं काम दुसऱ्यांनी केलेली मोजमापं तपासण्याचं आहे. लोकांना ते सांगितलं की ते सहानुभूतीने बघतात. म्हणून मी मंडईचं उदाहरण देते. एकच कोबी पाच गाळ्यांवरच्या पाच तराजूंत टाकला तर पाच वजनं येतील. त्यातलं खरं वजन कोणतं ते मी सांगायचं, तेही कोबी न बघता.

माझा कोबी म्हणजे गॅलियम. शरीरात गाठ कुठे आहे, कुठवर पसरली आहे, हे बघायला रुग्णाला थोडासा किरणोत्सारी पदार्थ टोचतात. हे पदार्थ खाणीत मिळत नाहीत, बनवावे लागतात. जस्ताच्या एका विशिष्ट प्रकारावर प्रोटॉनचा झोत सोडला की त्यातून एक गॅलियम तयार होतं. ते अडुसष्ट मिनिटांत निम्मं होतं, आणखी अडुसष्ट मिनिटांत निम्म्याचं निम्मं. प्रोटॉनची ऊर्जा कमी पडली तर फारसं काही बनत नाही. जास्त झाली तर नको असलेलं दुसरंच गॅलियम बनतं. ते कित्येक दिवस टिकतं आणि रुग्णाला विनाकारण किरणांचा मार देतं. म्हणून किती ऊर्जेला किती बनतं, याचा आलेख अचूक लागतो. जगात अनेकांनी तो मोजलाय आणि अनेकांचं एकमेकांशी जुळत नाही. कोण बरोबर, कोण चूक आणि का चूक, हे ठरवून त्यातून एक रेघ काढायची असते. यंत्र चालवणारे मग त्या रेघेवर विश्वास ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गटाने या अभिक्रियेची रेघ काढायचं काम माझ्याकडे दिलं. मला आनंद झाला, कारण जुन्या मोजमापांच्या यादीत सरांचा चार पानी लेख होता.

सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. आता मी शिकवते त्याच विभागात यवतमाळ जिल्ह्यातून शिकायला आले तेव्हा माझ्या बोलण्याला अख्खा विभाग हसायचा. सर हसायचे नाहीत, पण सोडायचेही नाहीत. "सर, मी मोजून राहिली आहे," असं म्हटलं की ते म्हणायचे, "राहू नका. मोजून संपवा." सगळ्या विद्यार्थ्यांना ते 'तुम्ही' म्हणत. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली, वसतिगृहातलं जेवण बंद झालं आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला बिबवेवाडीच्या त्यांच्या फ्लॅटवर घेऊन गेल्या. मी तिथे दोन महिने राहिले. काकूंनी मला उसाचा रस आणि मऊ भात यावर जगवलं. त्या दोन महिन्यांत केव्हातरी सर माझ्याशी 'तू' वर आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्याचा अर्थ कधी उघड लावला नाही, त्यांनीही नाही. पण त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत 'तू' मी एकटीच होते.

ते मोजमाप त्यांनी माझ्या येण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी केलेलं. दुसऱ्या शहरातल्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे प्रोटॉनचा झोत सोडणाऱ्या यंत्रावर, दोन वर्षं वाट बघून तीन दिवस मिळालेले. जस्ताचा थर दिलेल्या पातळ चकत्या एकामागे एक रचायच्या, त्यांच्यामध्ये तांब्याच्या चकत्या घालायच्या, झोत सोडायचा. झोत बंद झाला की लगेच चकत्या काढून मोजणीच्या खोलीत न्यायच्या. गॅलियम मरत असतं, त्यामुळे चालत जाऊन भागत नाही. सर सांगायचे, "पँटच्या पायाला सायकलची क्लिप लावून धावायचो. तिथल्या पहारेकऱ्याला वाटायचं, हा काहीतरी चोरून पळतोय." हे सांगताना ते हसायचे. एरवी हसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांचे अकरा बिंदू मी माझ्या आलेखावर टाकले. बाकी सगळ्यांची मोजमापं थोडीफार वरखाली होत एका पट्ट्यात बसत होती. सरांचे बिंदू त्या पट्ट्याच्या वर होते. एखाददुसरा नाही, अकराच्या अकरा. पण वक्राचा आकार तंतोतंत तोच होता. जणू कोणी पूर्ण वक्र उचलून थोडा वर ठेवला होता.

याचा अर्थ मला लगेच कळला. मोजणी बरोबर होती, मोजपट्टी चुकली होती. झोतात किती प्रोटॉन होते हे सरांनी तांब्याच्या चकत्यांवरून काढलं होतं, आणि तांब्यासाठी त्या काळी दोन वेगवेगळे आकडे प्रचलित होते. त्यातला जुना पुढे चुकीचा ठरला. सरांनी तो वापरला असेल तर साधा गुणाकार करायचा. अकराही बिंदू पट्ट्यात येऊन बसतील, आणि या सगळ्या मोजमापांत ते कदाचित सर्वांत चांगले ठरतील. पण कोणता आकडा वापरला हे लेखात छापलेलंच नव्हतं. चार पानांत जागा नसेल, किंवा तेव्हा कोणाला ते महत्त्वाचं वाटलं नसेल.

मी एका रविवारी सकाळी बिबवेवाडीला गेले. सर तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. कंबर दुखते म्हणून पाठीला उशी लावून बसले होते. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला.

"सगळे वर आहेत," ते म्हणाले.

"सगळे सारख्याच प्रमाणात वर आहेत, सर. तांब्याचा आकडा कोणता घेतला होता?"

त्यांनी जुना आकडा सांगितला. मला हवा होता तोच. मग स्वतःच मान हलवली. "थांब. असं आठवणीतून सांगण्यात अर्थ नाही. वही बघ. आपल्या विभागात शेवटच्या खोलीत करडं लोखंडी कपाट आहे ना? त्यात वरच्या कप्प्यात निळ्या पुठ्ठ्याच्या सहा वह्या आहेत. चौथीत शेवटून दुसऱ्या पानावर तांब्याचा आकडा आहे, आणि तो कुठून घेतला तेही."

ते उठले, भिंतीला धरत आत गेले आणि एक छोटी किल्ली घेऊन आले. "निवृत्तीच्या दिवशी द्यायची राहिली. पंधरा-वीस वर्षं माझ्याकडेच पडून आहे."

मी ती किल्ली पर्समध्ये टाकली, काकूंच्या हातचे पोहे खाल्ले आणि स्कूटरवर निघाले. मार्केट यार्डच्या सिग्नलला कांद्याच्या ट्रकमागे उभी असताना मला ते कपाट आठवलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट; मला विभागप्रमुख होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तपासणी समिती येणार होती आणि शेवटच्या खोलीत संगणकांची प्रयोगशाळा करायची होती. खोलीतल्या जुन्या सामानाची निर्लेखनाची, म्हणजे भंगारात काढायची, यादी माझ्यापुढे आली: बंद पडलेले ऑसिलोस्कोप, मोडकी स्टुलं, पंखे, आणि शेवटी 'लोखंडी कपाट एक, जुन्या कागदांसह'. प्रवेशाचे दिवस होते, दाराबाहेर पालकांची रांग होती. आमचे प्रयोगशाळा सहायक यादी घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, त्या कपाटाची किल्ली सापडत नाही. कुलूप तोडून एकदा आत बघायचं का?"

मी मान वर न करता सही केली. "राहू द्या. तसंच द्या."

सिग्नल सुटला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मग ओरडला, "मावशी, झोपलात का?" मी स्कूटर बाजूला घेतली आणि तिथेच उभी राहिले.

सोमवारी मी डेड स्टॉकचं, म्हणजे विभागाच्या सामानाच्या नोंदीचं, रजिस्टर काढून भंगारवाल्याचा पत्ता शोधला. भवानी पेठेत त्याचं दुकान होतं. दाराशी फ्रिजच्या उघड्या पाठी, वायरींचे भेंडोळे. मालक पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. मी त्याला सगळं सांगितलं, निळ्या पुठ्ठ्यासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"किती वर्षं झाली म्हणालात?"

"सहा."

"मॅडम, रद्दी इथं सहा दिवस थांबत नाही. कपाट आम्ही फोडून पत्रा वेगळा करतो, कागद लगद्याला जातो." मग माझ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मागच्या बाजूचं दार उघडून दिलं. "तुमच्या समाधानासाठी बघून घ्या."

मी बघितलं. गठ्ठेच्या गठ्ठे शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, जुनी टेलिफोन डिरेक्टरी. अर्धा तास मी ते उलथेपालथे केलं. सापडणार नाही हे मला दारात असतानाच माहीत होतं.

सरांना त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. मी गेलेही होते. पण दार उघडताच त्यांनी विचारलं, "सापडली वही?" आणि माझ्या तोंडून निघालं, "कपाट गोदामात हलवलंय, सर. समोर खूप सामान रचलंय. काढायला माणसं लागतील."

"असू दे. घाई नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी विचार केला. तो जुना आकडा नसावा. मी बहुतेक नवा घेतला होता." नवा आकडा घेतला असेल तर ते वर का गेले याचं काहीच उत्तर नव्हतं. "म्हणून म्हणतो, वही बघ."

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं होतं, असं म्हणतात. मला ते सोपं गेलं नाही, पण मी बोलत राहिले. गोदामाची किल्ली रजिस्ट्रारकडे आहे. शिपाई रजेवर आहे. परीक्षा चालू आहेत. प्रत्येक वेळी सर मान हलवायचे.

दिवाळीनंतर त्यांची कंबर इतकी दुखायला लागली की बसल्याजागेवरून उठवेना. आधी सगळ्यांना वाटलं वयाचं आहे. मग रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी प्रोस्टेटची शंका घेतली. बायोप्सीनंतर ती शंका राहिली नाही. कुठवर पसरलंय हे बघायला त्यांनी एक स्कॅन लिहून दिलं. कागदावर गॅलियमचं नाव होतं. काकूंनी तो कागद मला दाखवला तेव्हा सर म्हणाले, "बघ, घरचंच आहे."

स्कॅनला मी त्यांच्याबरोबर गेले. काकूंना बाहेर बसवलं. इंजेक्शन देणारा मुलगा विशीतला, चटपटीत होता. शिशाच्या डब्यातून त्याने सिरिंज काढली. सरांनी विचारलं, "हे सायक्लोट्रॉनवर केलेलं, की जनरेटरमधलं?"

"आजोबा, हात सैल सोडा."

"जस्तापासून केलंय का, एवढंच सांगा."

"जस्त नाही आजोबा, औषध आहे. काही होत नाही याने."

मी मध्ये पडून त्याला नीट विचारलं. तो जरा ओशाळला, म्हणाला, इथलं जनरेटरमधलं आहे, इथेच बनतं. हा जनरेटर म्हणजे एक छोटं उपकरण; त्यात जर्मेनियम हळूहळू विरत त्यातून गॅलियम निघतं. प्रोटॉन आणि जस्ताचा तिथे काही संबंध नसतो. सर म्हणाले, "म्हणजे माझ्या कामाचा यात काही उपयोग नाही." कोणावर राग नव्हता त्यात. निकाल वाचावा तसं म्हणाले.

इंजेक्शन दिलेल्या लोकांना तासभर वेगळ्या खोलीत बसवतात. मी काचेच्या पलीकडून त्यांना बघत होते. ओळीने खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ते काय हिशेब करत होते हे मला माहीत होतं. त्या खोलीतल्या दुसऱ्या कोणाला तो करता आला नसता.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. मणक्यांवर, माकडहाडावर, फासळ्यांवर काळे ठिपके होते. डॉक्टर एकेक दाखवत हळूहळू बोलत होते. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. सर पुढे वाकून बघत म्हणाले, "चित्र स्वच्छ आलंय."

घरी पोचल्यावर ते मला म्हणाले, "तुझा अहवाल कधी द्यायचाय?"

"पुढच्या महिन्यात."

"मग मीच येतो गोदामात. तुझ्याच्याने होत नाहीये."

मी नको नको म्हटलं. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलंय, धूळ असते, मी शोधते. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, टळलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी वर्गातून बाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये सर आणि काकू उभे. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एका हातात काठी, दुसरा हात काकूंच्या खांद्यावर. बिबवेवाडीपासून रिक्षाने आले होते. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याने त्यांना काय झालं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अगं, हे ऐकेचनात," काकू म्हणाल्या. "म्हणाले, कुठल्या वहीत आहे ते मला माहीत आहे, पाच मिनिटांचं काम आहे."

मी काही बोलायच्या आत सर शेवटच्या खोलीकडे वळले होते. आत तीसेक मुलं संगणकांवर बसली होती, एसी चालू होता. सर दारात उभे राहून बघत राहिले. तेवढ्यात आमचे प्रयोगशाळा सहायक धावत आले. सरांना बघून त्या माणसाला खरंच आनंद झाला होता. वाकून नमस्कार केला, खुर्ची आणली.

"ते आपलं कपाट कुठल्या गोदामात ठेवलंय?" सरांनी त्यांना विचारलं.

"करडं कपाट? ते तर भंगारात गेलं, सर. सहा-सात वर्षं झाली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माणूस भाबडा, त्याला काय कल्पना. "मी मॅडमना म्हटलं होतं, किल्ली सापडत नाही, कुलूप तोडून बघू. पण समितीची गडबड होती."

सर माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली नाही. घालायला हवी होती की नको, मला अजून कळत नाही.

"अच्छा," ते म्हणाले.

ते खुर्चीवर बसले. पाणी मागितलं, प्यायले. जवळच्या एका मुलीला विचारलं, काय करताय. ती म्हणाली, "कोडिंग." ते म्हणाले, "छान." मग उठून काकूंना म्हणाले, "चला."

मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. रिक्षा थांबवली. त्यांना आत बसवताना मी म्हटलं, "सर, मी सांगणार होते..."

"तुम्ही जा आत," ते म्हणाले. "तास असेल तुमचा."

पंचवीस वर्षांनी मी पुन्हा 'तुम्ही' झाले होते. रिक्षा गेली. काकूंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, माहीत नाही. मी आत जाऊन तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

त्यानंतरही मी जात राहिले. दर रविवारी. दार काकू उघडायच्या, सर आतून म्हणायचे, "या. बसा." चहा झाला का विचारायचे. रस्त्यात गर्दी होती का विचारायचे. एखाद्या बँकेच्या माणसाशी बोलावं तसं, नीट, सौजन्याने. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. त्यांनी ओरडावं म्हणून मी काय दिलं असतं. एकदा मी त्यांच्या पलंगाशी बसून रडले. म्हटलं, "सर, मला माफ करा."

"माफी कशाची? वस्तू डेड स्टॉकमध्ये होती. तुम्ही नियमानेच केलंत."

अहवालाची मुदत जवळ आली. माझ्यापुढे एक वाट होती आणि ती नियमात बसणारी होती. मूळ लेखकाने स्वतः कळवलं तर जुन्या लेखात नसलेली माहितीही धरता येते. सरांनी एकदा, फक्त एकदा, ठामपणे म्हणायचं की मी जुना आकडा घेतला होता. मी लिहीन, 'लेखकाने कळवल्यानुसार', गुणाकार करीन, आणि अकरा बिंदू पट्ट्यात येतील. नाहीतर दुसऱ्यांच्या मोजमापांवरून अंदाज बांधून सरांचे बिंदू खाली ओढता आले असते, पण ती नुसती दुसऱ्यांची री ओढणं झालं असतं. मोजमाप सरांचं राहिलं नसतं.

मी कागद-पेन घेऊन गेले. दुपारचे चार वाजले असतील. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण तेव्हा ते चांगले जागे होते. मी विचारलं, "सर, तांब्याचा आकडा. जुना होता ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं समजलं होतं. माझ्या हातातलं पेन, मुदत, 'ना' वरचा माझा जोर. एक 'हो' म्हणायचं होतं. ते खोटंही ठरलं नसतं, कारण बहुधा तेच खरं होतं.

"तुम्हाला कुठला हवाय ते मला कळतंय," ते म्हणाले. "पण मला आठवत नाही."

"सर, तुम्ही पहिल्या दिवशी तोच म्हणाला होतात."

"आणि पुढच्या वेळी दुसरा म्हणालो. तुमच्या विद्यार्थ्याने असं मोजमाप आणलं असतं तर तुम्ही घेतलं असतं?"

त्यांनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "वगळा."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात बसून मी ते वाक्य लिहिलं. 'मूल्ये इतर सर्व मोजमापांपेक्षा सातत्याने जास्त आहेत; प्रमाणीकरणासाठी वापरलेला आकडा उपलब्ध नाही; वगळले.' मूळ अहवाल इंग्रजीत होता, पण सरांना दाखवायला मी मराठीत लिहून नेलं. त्यांनी चष्मा मागितला. कागद डोळ्यांजवळ धरून वाचला.

"बरोबर लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले, आणि कागद परत दिला.

उपलब्ध नाही. तो का उपलब्ध नाही याला अहवालात रकाना नसतो.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. शेवटच्या आठवड्यात औषधाच्या गुंगीत असायचे. काकूंना ओळखायचे, मला कधी ओळखायचे, कधी नाही. एकदा मी त्यांच्या ओठांना पाणी लावत होते तेव्हा ते पुटपुटले, "ताई, दमलात. बसा." मला ते नर्स समजले होते. मी बसले. त्यांचं पाऊल चादरीबाहेर आलं होतं, ते आत घेतलं. मंगळवारी पहाटे काकूंचा फोन आला. वैकुंठ स्मशानभूमीत माणसं थोडी होती; त्यांचे बरेच विद्यार्थी परदेशात आहेत.

अहवाल त्यानंतर प्रसिद्ध झाला. पहिल्या आलेखात सगळ्यांची मोजमापं आहेत. दुसऱ्यात फक्त निवडलेली, त्यांतून जाणारी रेघ, आणि रेघ चांगली आहे. मला अभिनंदनाची पत्रं आली. त्या रेघेवरून आता कुठेतरी यंत्र चालेल, कोणाच्या तरी हातात सुई जाईल. मला त्याचं काहीतरी वाटायला हवं. मी वाटून घ्यायचा प्रयत्न केला.

गेल्या महिन्यात काकूंकडे गेले होते. त्या आता एकट्या असतात. समोरच्या बाल्कनीत कोणी कुंड्यांना पाणी घालत होतं. काकूंनी चहा केला, आम्ही स्वयंपाकघरातच बसून प्यायलो. मला किती दिवस विचारायचं होतं ते त्या दिवशी मी विचारलं.

"काकू, सर जायच्या आधी माझ्याबद्दल काही बोलले का?"

काकू खरं बोलणाऱ्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि नीट आठवून बघितलं. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगता आलं तर सांगावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "काहीच बोलले नाहीत."

मग त्यांनी विचारलं, जेवून जातेस का, मटकी भिजवलीय. मी नको म्हटलं. दोन्ही कप विसळून पालथे घातले, आणि जिना उतरून खाली आले.